डॉ. सॅम्युएल डार्लिंग

आपल्या पवईपासून फार दूर नसलेल्या कान्हेरीच्या लेण्यांत वटवाघळांची वस्ती आहे. वटवाघळांची वा पक्ष्यांची विष्ठा मिसळलेल्या मातींत कांहीं देशांत एक बुरशी वाढते. तिचे सूक्ष्म बीजाणु श्वासावाटें फुप्फुसांत शिरतात व क्वचित् यकृत, प्लीहा व अस्थिमज्जा येथवर पसरतात.

हा रोग प्रथम ओळखणारे डॉ. डार्लिंग १८७२ सालीं अमेरिकेंत जन्मले. पनामाचा कालवा खोदला जात असतां तेथील अँकॉनच्या इस्पितळांत ते शवपरीक्षा करीत. १९०५ च्या डिसेंबरांत मार्टिनिक बेटाचा एक सुतार मरण पावला. फुप्फुसांत गांठी क्षयासारख्या, पण क्षयाचे जंतु मिळेनात! पेशींत मात्र बारीक अंडाकृति कण दिसले. दोनच वर्षांपूर्वीं मद्रासेंत डॉ. डोनोव्हन ह्यांनीं काळ्या आजाराचे जंतु पाहिले होते. हे त्यांचेच भाऊबंद, असें डार्लिंग समजले व त्यांनीं ‘हिस्टोप्लाझ्मा कॅप्सुलाटम’ हें नांव ठेविलें. समजूत चुकीची होती. ते कण बुरशीचे, असें मत डॉ. रोशा लिमा ह्यांनीं जर्मनींत मांडलें; १९३४ सालीं ती प्रयोगशाळेंत वाढविल्यावर तें सिद्ध झालें. नांवांतील ‘कवचधारी’ हा अर्थही खोटा ठरला. तरी नांव तेंच राहिलें.

हें पाहावयास डार्लिंग उरले नव्हते. राष्ट्रसंघाच्या हिवताप-मंडळाबरोबर फिरत असतां १९२५ च्या मे महिन्यांत बेरूतजवळ मोटारीच्या अपघातांत त्यांचा अंत झाला.