ऑलिंपिकवीर खाशाबा जाधव



कुस्तीची दंगल आपण पाहिली असेल. जिंकणाऱ्या पहिलवानाला लोक खांद्यावर घेतात. पण हरलेला पहिलवान दुसऱ्या दिवशी काय करतो, तिकडे कोणाचे लक्ष नसते. खाशाबा जाधव यांचे मोठेपण समजून घ्यायचे तर तिथेच पाहावे लागते.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. वडील दादासाहेब स्वतः पहिलवान होते. कुस्तीचे पहिले धडे त्यांनीच मुलाला दिले. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकून खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. अंगाने लहान, पण चपळाई विलक्षण. ढाक हा त्यांचा हुकमी डाव होता.

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते लंडन ऑलिंपिकला गेले. तिथे कुस्ती मातीत नव्हती, गादीवर होती. मातीत समोरच्याला चीत केले की कुस्ती संपते. गादीवर मात्र वेळ ठरलेली, डावांना गुण, आणि पायांना मातीसारखी पकड नाही. हे सर्व नवखे असूनही खाशाबा फ्लायवेट गटात सहावे आले. पण मातीतल्या या बहाद्दराला पदकाविना परतावे लागले.

नियमांना दोष देत ते बसले नाहीत. पुढची चार वर्षे त्यांनी गादीवरची कुस्ती नव्याने शिकण्यात घालवली आणि वरच्या, ५७ किलोच्या बँटमवेट गटात उतरले.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी निवड झाली, तेव्हा पैशाचा प्रश्न उभा राहिला. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. हेलसिंकीत कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना खाशाबांनी हरवले. जपानच्या इशीशी दीर्घ झुंज देऊन ते हरले. त्यानंतर पुरेशी विश्रांती न मिळता त्यांना सोव्हिएत मल्लाशी लढावे लागले. ती कुस्तीही गेली, पण कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक! दुसरे यायला १९९६ साल उजाडावे लागले.

गावाने शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक काढली. सत्कार झाले. पण खाशाबांच्या मनात प्राचार्यांचे गहाण पडलेले घर होते. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्या भरवून पैसे उभे केले आणि ते कर्ज फेडले.

१९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ चे ऑलिंपिक हुकले. नोकरी मात्र त्यांनी निवृत्तीपर्यंत निष्ठेने केली. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

बालमित्रांनो, परीक्षेत किंवा मैदानावर एखादे वर्ष मनासारखे जात नाही. अशा वेळी लंडनहून परतलेले खाशाबा आठवावेत. आणि यश मिळाले, तर ज्यांनी आपल्यासाठी झळ सोसली त्यांची आठवण ठेवावी. पदक गळ्यात पडल्यावरही खाशाबा हे विसरले नाहीत.