सावतोबांची वेळ

कीर्तन झालं, बुक्का लावून झाला, की माणसं आमच्याजवळ येऊन एक गोष्ट हमखास विचारतात, की नामाला, ध्यानाला दिवसातली कोणती वेळ धरावी. आमचं शिक्षण चौथीपर्यंतचं. वडीलधाऱ्यांकडून ऐकलं तेच आम्ही सांगत आलो. पहाटे उठावं, आंघोळ करावी, काकडा करावा, मग जपाला बसावं. बरीच वर्षं हे उत्तर आम्ही छाती काढून दिलं. पुढं शेतीची लाईट रात्रीची येऊ लागली आणि आमचंच उत्तर आमच्या अंगावर आलं. रात्रभर दारं धरायचं, चिखलाच्या पायांनी घरी यायचं, आणि देवळात काकड्याचे टाळ वाजताना आम्ही घोंगडीत. दोन हिवाळे असे गेले. लोकांना पहाट सांगायची अन् आपण झोपायचं, याची लाज वाटू लागली. कीर्तनाला उभं राहायला पाय उचलेना. तेव्हा सावता महाराजांचं चरित्र आम्ही नव्यानं मनात घोळवलं. तेच इथं सांगतो.

सावता महाराज अरणचे. सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात, मोडनिंबजवळ हे गाव आहे. जन्म शके 1172, म्हणजे सन 1250. आजोबा देवू माळी औशाकडून अरणला येऊन राहिले. वडील परसोबा, आई नांगिताबाई. घरात पंढरीची भक्ती आजोबांपासून होती. महाराजांचं लग्न जवळच्याच भेंड गावच्या जनाबाईंशी झालं. विठ्ठल आणि नागाताई अशी दोन लेकरं झाली. ज्ञानोबा माउली, नामदेवराय, गोरोबाकाका हा सगळा मेळा त्याच काळातला.

आता माळ्याचा दिवस कसा असतो, ते शेतकऱ्याला सांगायला नको. ज्वारी पेरून माणूस चार दिवस गावाला जाऊ शकतो, भाजीचा मळा सोडून जाता येत नाही. वाफा दोन दिवस सुकला की रोप मान टाकतं. त्या काळी इंजिन नाही, मोटार नाही. आमच्या लहानपणी आम्ही वडिलांची मोट पाहिली आहे. बैल पुढं गेले की मोट वर, मागं आले की मोट खाली, असं ऊन चढेपर्यंत. मग खुरपणी, मग भाजी खुडायची, जुड्या बांधायच्या, दिवस कलला की परत पाणी. एवढ्या कामात ध्यानाला बसायची वेगळी घटका आणायची कुठून?

महाराजांनी ती शोधलीच नाही, असं आम्हाला वाटतं. जी वेळ कामाची, तीच नामाची धरली. हात मातीत आणि मुखात विठ्ठल. आपण केलेलं आहे म्हणून सांगतो, खुरपणीला एक ठेका असतो, मोटेलाही असतो. त्या ठेक्यावर नाम आपोआप चालतं, मोजायला माळ लागत नाही. मळ्यातल्या भाजीपाल्यातच त्यांना पांडुरंग दिसू लागला.

परंपरेत एक गोष्ट सांगतात. महाराजांच्या सासरची मंडळी घरी आली. महाराज मळ्यात नामात रंगलेले, त्यांनी पाहुण्यांकडे पाहिलं नाही. पाहुणे रुसून गेले आणि जनाबाई संतापल्या. महाराजांनी त्यांना परमार्थ समजावून सांगितला, मग राग शांत झाला. ही गोष्ट सांगून आम्ही कीर्तनात पुष्कळदा हशा पिकवला आहे. एकदा घरी आलो, तर आमच्या कारभारणीनं सरळ विचारलं, की तुम्ही संध्याकाळी हरिपाठाला बसता तेव्हा मी धारा काढते, चूल पेटवते, मग माझी नामाची वेळ कोणती. आमच्याजवळ उत्तर नव्हतं. तिच्या जिवावर आमची वेळ मोकळी होत होती. तेव्हापासून आम्ही जनाबाईंच्या रागावर लोकांना हसवत नाही. धारा आम्ही काढतो, अन् हरिपाठ दोघं मिळून गोठ्यातच म्हणतो. म्हशी काही बिचकत नाहीत.

दुसरी कथा सगळ्यांना ठाऊक आहे. पांडुरंग ज्ञानोबा आणि नामदेवांना घेऊन कूर्मदासाच्या भेटीला निघाले होते. वाटेत अरण लागलं. या दोघांना भक्ताचं प्रेम दाखवावं म्हणून देव एकटेच मळ्यात शिरले आणि सावतोबांना म्हणाले की मला कुठंतरी लपव. महाराजांनी जवळचं हत्यार घेतलं, कोणी खुरपं सांगतो, कोणी कोयता, आणि पोट चिरून देवाला आत ठेवलं. वेळ काय होती हे कथेत येत नाही. पण मळ्यातलं हत्यार हाताशी होतं, म्हणजे माणूस कामावर होता. देव काकड्याची वाट पाहत थांबला नाही, शेजारतीलाही आला नाही. कामाच्या वेळी आला आणि सावतोबा त्या वेळी जागे होते.

महाराजांचे अभंग काशिबा गुरव यांनी लिहून ठेवले. आज 37 अभंग मिळतात. शके 1217, आषाढ वद्य चतुर्दशीला, म्हणजे सन 1295 साली महाराजांनी अरणलाच देह ठेवला. वय अवघं 45. पुढच्याच वर्षी माउलींनी आळंदीला समाधी घेतली. मळा सोडून सावतोबा पंढरीला गेले नाहीत असं परंपरा सांगते. म्हणून आषाढीला सगळ्या संतांच्या पालख्या पंढरीला येतात, आणि त्यानंतर पांडुरंगाची पालखी सावतोबांच्या भेटीला अरणला जाते.

याचा अर्थ पहाट वाईट असा कोणी घेऊ नये. तुकोबाराय एकांतासाठी भंडाऱ्याच्या डोंगरावर जात. ज्याला पहाट मिळते त्यानं ती सोडू नये. पण ज्याची रात्रपाळी आहे, जी माउली चार घरची धुणीभांडी करते, जो दारं धरतो, त्यानं आपली वेळ हुकली म्हणून नाम सोडू नये. रोज न चुकणारं एक काम धरावं आणि नाम त्याला बांधावं. आम्ही पहिल्या वाफ्याला बांधलं. वाफा भरेपर्यंत जप. एकदा डोळे मिटून घेतले तर बांध फुटून पाणी शेजाऱ्याच्या गव्हात गेलं. सकाळी जाऊन त्याचे पाय धरले. तेव्हापासून डोळे उघडेच ठेवतो. नामानं काम बिघडत असेल तर ते नाम नव्हे, ती झोप. सावतोबांचा मळा कधी सुकला असं कोणी सांगत नाही.

आता आमच्याकडे लाईट आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री असते. जप मात्र पहिल्या वाफ्यालाच होतो, मग तो उन्हात असो की चांदण्यात. कीर्तनाला उभं राहताना पाय उचलतो.

रामकृष्ण हरी.