रोज लिहिणारे बाबासाहेब

अन्यायाची दाद मागायला आमच्याकडे जे बांधव येतात, ते सारे काही तोंडी सांगतात. घटना कोणत्या तारखेला घडली, शिवीगाळ कोणासमोर झाली, पोलीस ठाण्यात कोण भेटले, असे विचारले की गप्प होतात. कुठेच टिपून ठेवलेले नसते आणि तिथेच खटला लंगडा पडतो. पण त्यांना दोष कोणत्या तोंडाने द्यावा? आम्ही स्वतः दर १४ एप्रिलला नवी वही आणतो आणि मे उजाडायच्या आत ती कपाटात जाते. ज्यांच्या जयंतीला ती वही आणतो, ते बाबासाहेब मात्र अखेरच्या रात्रीपर्यंत कागदापासून दूर गेले नाहीत.

ही बैठक त्यांना घरातून मिळाली. परळच्या चाळीतली एक खोली, त्यातच संसार. रामजी सुभेदार रात्री दोनपर्यंत जागत, मग मुलाला अभ्यासाला उठवून स्वतः आडवे होत. हाच मुलगा पुढे लंडनला ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत अर्धपोटी बसला. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ निघाला, तो या बैठकीतूनच.

३१ जानेवारी १९२० ला त्यांनी 'मूकनायक' काढला होता. ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत' सुरू झाले, तेव्हा चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला जेमतेम दोन आठवडे झाले होते. वकिलीत नाव व्हायचे होते, विधिमंडळाचे काम होते, गावोगावच्या सभा होत्या. पदरमोड करून लिहिणारे सहकारी मिळेनात. म्हणून चोवीस-चोवीस रकाने त्यांनी एकट्याने लिहून काढले. आपल्याला वेळ मिळत नाही, असे म्हणणाऱ्या आमच्यासारख्यांनी हा काळ जरूर आठवावा.

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. तरी लेखणी थांबली नाही. शूद्र कोण होते, या प्रश्नावरचा ग्रंथ १९४६ ला आला आणि अस्पृश्यांच्या मुळाचा शोध घेणारा १९४८ ला. याच १९४८ च्या फेब्रुवारीत संविधानाचा मसुदा तयार झाला होता. मधुमेहाने शरीर पोखरले होते, पाय ठणकत होते. पुढे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिताना नानकचंद रत्तू दिवसा सरकारी नोकरी करून संध्याकाळी टंकलेखनाला येत. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री बाबासाहेबांनी या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद जवळ मागवून घेतले. ६ डिसेंबरच्या पहाटे आपण पोरके झालो. ग्रंथ १९५७ ला प्रसिद्ध झाला.

त्यांच्या मागे पेट्या भरून हस्तलिखिते उरली. ती वर्षानुवर्षे न्यायालयीन ताब्यात पडून होती. १९७९ पासून महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली खंड काढायला सुरुवात केली, तेव्हा ती हळूहळू आपल्यासमोर आली. त्यांत कितीतरी प्रकरणे अर्धवट आहेत, काहींची नुसतीच शीर्षके आहेत. आम्हाला पूर्वी याची हळहळ वाटे. आज वाटते, पूर्ण होईल तेव्हाच लिहू असे म्हणून ते थांबले असते, तर हे अर्धे तरी आपल्या हाती कुठून आले असते?

आमच्या कार्यकर्त्यांना भाषणे उत्तम येतात. पण भाषण मंडपातच विरते, न्यायालय कागद मागते. तेव्हा रोज झोपण्यापूर्वी पाच ओळी लिहू या. तारीख, वार, गाव, काय घडले, कोण हजर होते. भाषा अशुद्ध असली तरी चालेल. आमची कपाटातली वही आम्ही काल बाहेर काढली आहे. तुमची कुठे आहे?

जयभीम!