रात्री दोनचा अभ्यास

परीक्षा तोंडावर आली की आपली तक्रार ठरलेली. घरात जागा नाही, खाली गोंगाट, आणि डोक्यात त्याहून मोठा कल्लोळ. पुस्तक उघडं असतं, पण पान काही उलटत नाही. अशा वेळी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या परळच्या एका विद्यार्थ्याकडे बघा. नाव भीमराव आंबेडकर.

चाळीतली एकच खोली. तिथेच चूल, तिथेच सरपण, उशाशी जातं आणि पायथ्याशी बांधलेली शेळी. वडील रामजींनी साधा उपाय काढला. मुलाला लवकर झोपवायचं, स्वतः जागं राहायचं आणि रात्री दोनला त्याला उठवायचं. तेव्हा अख्खी चाळ झोपलेली असायची. समोर फक्त मिणमिणता दिवा आणि पुस्तक. नीट लक्षात घ्या, इथे आधी झोप होती, मग अभ्यास. दिवसभराचा शीण उतरलेलं डोकं पुस्तकाला मिळत होतं.

शाळेतला त्रास वेगळाच. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये गुरुजींनी भीमरावांना फळ्यापाशी बोलावलं, तर विटाळ होईल म्हणून मुलं फळ्यामागचे आपले डबे काढायला धावली. असा अपमान मनात घेऊन कुणाचं लक्ष लागेल? भीमराव शाळा सुटली की चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचे. तिथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना हेरलं. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले, सत्कार झाला, तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. मन आवरायला शिकवणाऱ्या त्याच बुद्धाचा धम्म बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात स्वीकारला.

पुस्तकांना पुरेल अशी ऐसपैस जागा मिळाली ती १९३० च्या दशकात, दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधल्यावर. तोवर कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या कधीच पदरात पडल्या होत्या.

म्हणून शांत खोलीची वाट बघत बसू नका. दिवसातली एक वेळ आणि एक कोपरा ठरवा, मग ती लायब्ररी असो की बागेतला बाक. त्या वेळी फोन दुसऱ्याच्या ताब्यात द्या. झोप मात्र मोडू नका. आणि घरच्यांना सांगायला लाजू नका. भीमरावांसाठीही कुणीतरी दोनपर्यंत जागं राहत होतंच की!