उद्योगमहर्षी लक्ष्मणराव किर्लोस्कर

बेळगावच्या मातीने मराठी समाजाला जी कर्ती माणसे दिली, त्यांत लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचे नाव अग्रभागी आहे. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे २० जून १८६९ रोजी त्यांचा जन्म झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु काही रंग ओळखण्यात दृष्टी उणी पडते असे आढळल्याने यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. तेथे हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा नोकरीचा त्याग करून ते बेळगावी परतले.

थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह त्यांनी प्रथम सायकलींचे दुकान चालविले. त्यानंतर कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर बनविण्यास आरंभ केला. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली; तथापि लक्ष्मणराव डगमगले नाहीत.

नव्या वस्तीच्या योजनेसाठी बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. हा घाव मोठा होता. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन व १० हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. बेळगावने जे गमावले, ते औंध संस्थानाने मिळविले.

लक्ष्मणरावांना केवळ कारखाना नको होता, गाव हवे होते. घरे, पाणी व शाळा यांची त्यांनी व्यवस्था लावली. अस्पृश्यता त्यांनी मानली नाही. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी काम दिले. इतकेच नव्हे, तर राखणदारीही सोपविली. शेतकऱ्याने नांगरावर विश्वास ठेवावा म्हणून झटणाऱ्या या पुरुषाने स्वतः माणसांवर तितकाच विश्वास टाकला.

आम्हा ग्रंथप्रेमींवर तर किर्लोस्करवाडीचे निराळेच ऋण आहे. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी १९२० साली तेथे ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. त्यातूनच ‘किर्लोस्कर’ मासिक घडले. पुढे ‘स्त्री’ व ‘मनोहर’ निघाली. या मासिकांनी वाचकांच्या पिढ्या घडविल्या.

१९४८ च्या जाळपोळीत कारखान्याची मोठी हानी झाली; तरीही तो पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. आपल्या गावातील उद्यमी माणूस वेळीच ओळखावा, हा त्यांच्या चरित्राचा बोध प्रत्येक नगराने मनी धरण्याजोगा आहे.