गोखल्यांची माफी आणि प्लेगचा कायदा

पुढे ‘नामदार’ म्हणून सर्वश्रुत झालेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी ऑगस्ट १८९७ मध्ये मुंबई सरकारची आणि पुण्यातील प्लेगच्या कामावर असलेल्या गोऱ्या सैनिकांची जाहीर माफी मागितली. हा प्रसंग कोणी त्यांच्या सचोटीचा, तर कोणी भीरुतेचा पुरावा म्हणून सांगतात. प्रस्तुत लेखकास त्यात सरकार आणि प्रजा यांच्यातील तुटलेल्या विश्वासाची कहाणी दिसते.

१८६६ साली कोतळूक येथे जन्मलेले गोखले लहानपणीच पितृछत्रास मुकले. थोरल्या भावाच्या काटकसरीवर शिकून १८८४ साली ते पदवीधर झाले आणि पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात अल्प वेतनावर अध्यापन करू लागले. १८९७ च्या वसंतात वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी ते विलायतेस गेले. हिंदुस्थानच्या खर्चाची त्यांनी केलेली चिकित्सा तेथे वाखाणली गेली. आकड्यावाचून बोलायचे नाही, हा त्यांचा बाणा होता.

इकडे पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगाचा कायदा झाला आणि रँडसाहेबांच्या देखरेखीखाली सैनिक घरोघर शिरू लागले. रोगी शोधून वेगळे ठेवणे आवश्यकच होते; सरकारवर कडक टीका करणाऱ्या टिळकांनीही स्वतः प्लेगचे रुग्णालय काढले होते. परंतु देवघरात बूट, माजघरात परके पुरुष आणि रस्त्यावर टाकलेले सामान यांविषयी दाद मागायची कोणाकडे? ज्यांच्याविरुद्ध तक्रार, तेच ती ऐकणार. शिवाय कायद्याच्या चौथ्या कलमाने, सद्भावनेने केलेल्या कृत्याबद्दल कोणावरही दावा लावता येणार नाही, असे अभय देऊन ठेवले होते.

जेथे तक्रारीची नोंद होत नाही तेथे ती पत्रांतून आणि कुजबुजीतून वाहू लागते. अशीच पत्रे गोखल्यांना लंडनमध्ये पोचली. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत गोखल्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’मधून दोन स्त्रियांवरील अत्याचाराचा आरोप केला. मुंबई सरकारने तो साफ नाकारला. नातू बंधूंना चौकशीवाचून स्थानबद्ध करण्यात आले, टिळकांना अटक झाली. अशा वातावरणात गोखले जुलैअखेर मुंबईस उतरले. साक्षीला उभे राहण्यास कोणी तयार होईना आणि पत्रलेखकांची नावे सांगणे त्यांच्या सभ्यतेत बसेना. रानड्यांशी विचारविनिमय करून त्यांनी निःसंदिग्ध शब्दांत माफी मागितली.

सिद्ध न होणारा आरोप मागे घेणे हे त्यांच्या स्वभावाला शोभणारेच होते. तथापि या माफीने सरकारला जे हवे होते ते मिळाले नाही. दोन आरोप सिद्ध झाले नाहीत, एवढेच त्यातून निष्पन्न होत होते. उरलेल्या शेकडो गाऱ्हाण्यांचा निकाल त्याने लागत नव्हता. पेढीची पत गेली की तिची खरी हुंडीही बाजारात कोणी स्वीकारीत नाही. सरकारच्या खुलाशांचे नेमके तेच झाले होते. स्वतंत्र चौकशी नेमली असती तर आरोप खोटा ठरूनही सरकारची पत वाढली असती, असे वाटल्यावाचून राहत नाही.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत महाराष्ट्र शासनाने हाच कायदा लागू केला, तेव्हाही ते चौथे कलम त्यात शाबूत होते.

गोखल्यांच्या वाट्याला माफीनंतर दोन्हीकडची अवहेलना आली. आंग्ल वृत्तपत्रांनी त्यांना खोटे ठरविले, स्वकीयांनी भित्रे. डिसेंबरमध्ये अमरावतीच्या काँग्रेसमध्येही त्यांच्याविषयीची नाराजी लपून राहिली नाही. त्यांनी वादावादी केली नाही. १८९८ साली पुण्यात प्लेग पुन्हा उसळला तेव्हा, ज्या मोहिमेवर त्यांनी टीका केली होती तिच्याच प्लेगनिवारणाच्या कामात ते स्वयंसेवक म्हणून राबले. पुढच्याच वर्षी ते मुंबईच्या कायदेमंडळावर निवडून आले.