पाणी कुणाच्या हातचं?

नाशिकजवळ गोदावरीच्या काठी जलालपूर नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या गोखल्यांच्या घरात १८६८ साली एक मुलगी जन्माला आली. नाव मनकर्णिका, घरची मनू. १८५७ च्या धामधुमीत तिच्या आईच्या वडिलांना इंग्रजांनी फाशी दिलं होतं. तेव्हापासून मनूच्या वडिलांच्या डोक्यात सोवळ्यानं असं काही घर केलं की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय आत घ्यायची नाही. कोण कुठे शिवलं, काय कशाला लागलं, याचाच हिशेब दिवसभर. बायकामुलांनी धाकात राहायचं आणि धुवत बसायचं.

हीच मनू पुढे लक्ष्मीबाई टिळक झाली. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणारी.

आमच्या घरी बायबलच्या शेजारी हे पुस्तक असायचं. माझी आजी नगरकडची. तिला दोन्ही पुस्तकं सारखीच जवळची होती, आणि खरं सांगायचं तर हसायला यायचं ते दुसऱ्याच पुस्तकात. लहानपणी मला वाटायचं, धर्माचं पुस्तक गंभीर असतं आणि हे गमतीचं आहे. मोठी झाल्यावर, वाड्यांवरून फिरायला लागल्यावर मात्र मी ते पुन्हा काढलं.

अकराव्या वर्षी मनूचं लग्न झालं. नवरा नारायण वामन टिळक, कवी. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकोला त्यांनी लिहायला-वाचायला शिकवलं, हे त्यांचं मोठेपण. पण संसार? कुठली नोकरी फार दिवस टिकायची नाही, लहर लागली की घर सोडून निघून जायचं, हातात पैसा आला की भेटेल त्या गरजवंताला देऊन मोकळ्या हातानं घरी यायचं! संत माणूस लांबून बघायला बरा, मैत्रिणींनो. त्याच्या घरात संध्याकाळची चूल जिला पेटवायची आहे तिचं दुःख वेगळं असतं. मोठ्या कवीविषयी असं म्हणू नये, पण मला टिळकांचा कित्येकदा राग येतो. लक्ष्मीबाईंनाही यायचा. त्यांनी तो लपवला नाही, आणि त्यावर विनोद करायचंही सोडलं नाही.

फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत होत्या. आधीची मुलं लहानपणीच गेलेली, दत्तू तेवढा पदरात. आणि कानावर आलं की नवरा ख्रिस्ती झाला. त्या काळी याचा अर्थ काय होता बघा. नवरा जिवंत, पण नसल्यासारखा. कुंकू आहे, पण घर नाही. त्याच्याकडे गेलं तर जात गेली, न जावं तर जन्मभर दुसऱ्याच्या दारात. काही काळ त्या पंढरपुरात राहिल्या. दुःखानं जीव अर्धा झाला. याच दिवसांत त्यांच्या मनात कविता जुळायला लागली. नवऱ्यानं न सांगता, न शिकवता.

चार-पाच वर्षं अशी गेली. शेवटी दत्तूला घेऊन त्या नगरला टिळकांजवळ आल्या, पण धर्म सोडून नव्हे. चूल निराळी, पाणी निराळं. ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात सोवळ्यातली बायको. टिळकांनीही तिच्यावर जबरदस्ती केली नाही. (इथे मात्र टिळकांना शंभर गुण.)

पुष्कळ लोक अजून म्हणतात की नवरा गेला म्हणून बाई मागून गेली. मला ते पटत नाही. मागून जायचंच असतं तर १८९५ सालीच गेल्या असत्या. एवढी वर्षं कशाला कुढल्या असत्या? त्या थांबल्या, कारण त्यांच्या मनाला पटत नव्हतं. आणि पटलं तेव्हा ते प्रवचन ऐकून पटलं नाही. आधी गेली ती शिवाशीव. एक दिवस त्यांच्या मनात विचार आला, ही जातपात देवानं केली की माणसानं? देवानं केली असती तर जन्मताना शरीरावर काही खूण नसती का ठेवली? सगळी जन्मतात सारखी, मरतात सारखी. हा विचार त्यांनी कुणाला न विचारता, आपल्याशीच केला आणि ठरवून टाकलं, यापुढे कुणाच्याही हातचं खायचं, कुणाच्याही हातचं पाणी प्यायचं. आणि नुसतं ठरवून बसल्या नाहीत, तसं वागल्याही. जलालपूरच्या त्या घरातली मुलगी ही! बाप्तिस्मा नंतर झाला, १९०० साली, राहुरीला.

हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी पाण्याचा तांब्या, मग धर्म.

योहानाच्या शुभवर्तमानात शोमरोनी बाईची गोष्ट आहे. भर दुपारी ती विहिरीवर पाणी भरायला येते. दमलेला येशू तिथे बसलेला असतो, तो तिच्याकडे पाणी मागतो. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत, म्हणून ती बाईच चकित होते. रविवारी चर्चमध्ये ही गोष्ट ऐकताना आपण जिवंत पाण्यावरचं पुढचं मोठं बोलणं लक्षात ठेवतो. पण सुरुवात किती साधी आहे! तहान लागली म्हणून, जिच्या हातचं चालत नाही तिच्याकडेच मागितलं.

आमच्या कर्जत-खालापुरात पाण्याची गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागत नाही. पावसाळ्यात इथे धो धो कोसळतं आणि एप्रिल-मे महिन्यांत वाड्यांवरच्या बायका डोक्यावर हंडे घेऊन टेकडी चढत असतात. खालापूर तालुक्यातल्या मोरबे धरणाचं पाणी नवी मुंबईला जातं. वरच्या वाडीतून ते नुसतं चमकताना दिसतं. बचत गटाच्या कामानं मी या वाड्यांवर जाते. कातकरी बायका पावसाळा संपला की कुटुंबासकट वीटभट्ट्यांवर जातात त्या पार उन्हाळ्याअखेर परततात. यांच्यातल्या काही जणी गावात कामाला जातात, आणि अजूनही एखाद्या घरी त्यांचा चहाचा कप पडवीत निराळा असतो. आता स्टीलचा असतो, एवढाच फरक. तसा कप मी ख्रिस्ती माणसाच्या घरीही पाहिला आहे, म्हणून दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायची सोय नाही.

एकदा मे महिन्यात गटाची बैठक लवकर आटोपली, तेव्हा मी बायकांना लक्ष्मीबाईंची गोष्ट सांगितली. धर्माचं काही न सांगता, नुसतं सोवळ्याचं घर, निघून गेलेला नवरा, निराळी चूल आणि मग पाणी. मला वाटलं होतं, पाण्याच्या जागी त्या काही बोलतील. तिथे सगळ्या गप्प! बोलल्या त्या नवऱ्यावर. पाच वर्षांनी ती परत त्याच्याकडे गेलीच कशाला, यावर अर्धा तास वाद झाला. एकीचं म्हणणं, पोरासाठी. दुसरीचं, तिला तो आवडत असणार. एक म्हातारी मात्र शेवटी मला हळूच विचारून गेली, की त्या बाईनं खरंच पाणी घेतलं का, का नुसतं पुस्तकात लिहिलंय.

घेतलं. आणि तेवढ्यावर थांबल्या नाहीत. दुष्काळानं पोरकी झालेली मुलं टिळकांच्या घरात आली. त्यांचं खाणंपिणं, त्यांची खरूज, त्यांच्या उवा, हे सगळं लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आलं. नगरला प्लेग आला तेव्हा मिशनच्या शाळेतल्या आजारी मुलींच्या शुश्रूषेला त्या आपण होऊन गेल्या. प्लेगच्या रोग्याजवळ जायला जिथे सख्खे नातेवाईक धजत नसत, तिथे ही बाई! एके काळी कुणी शिवलं तर धुवायचं, हे जिला शिकवलं होतं, तिचे हात आता प्लेगच्या गाठींना लागत होते. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनानंतर बालकवी ठोंबरे त्यांच्या घरी राहायला आले, त्यांचे हट्ट आणि रुसवेही पोटच्या पोरासारखे सोसले. १९१८ साली बालकवी रेल्वेखाली गेले, आणि पुढच्याच वर्षी, मे १९१९ मध्ये, टिळक.

लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीच्या. मुंबईत मुलींच्या वसतिगृहाचं काम त्यांनी बघितलं, पुढे मुलाबरोबर कराचीला गेल्या. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ नावाचं काव्य हाती घेतलं होतं, ते साडेदहा अध्यायांवर राहिलं होतं. उरलेले चौसष्ट अध्याय या बाईनं लिहिले! नवऱ्याचं काव्य म्हणून सगळे नाव घेतात, पण अध्याय मोजा जरा.

आणि ‘स्मृतिचित्रे’. देवदत्तला, म्हणजे दत्तूला, वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, म्हणून त्यानं आईला आठवणी लिहायला सांगितल्या. झालं भलतंच. चरित्र राहिलं बाजूला आणि आईचंच पुस्तक उभं राहिलं. १९३४ पासून ते भागाभागानं निघालं. चौथा भाग अपुरा असतानाच फेब्रुवारी १९३६ मध्ये नाशिकला त्या गेल्या. तो भाग देवदत्तनं पुरा केला. विजया मेहतांनी त्यावर दूरदर्शनसाठी चित्रपट केला, आणि २०१७ मध्ये शांता गोखले यांचा इंग्रजी अनुवाद आला.

या पुस्तकात येशूचं नाव ठायी ठायी येईल अशा अपेक्षेनं उघडाल तर फसाल. पानंच्या पानं जातात ती भाजीपाल्यात, भांडणात, प्रवासाच्या फजितीत, चोरांच्या भीतीत. वडिलांच्या त्या सोवळ्यावरही त्यांचा राग नाही, हसत हसत सगळं सांगितलंय. धर्म बदलल्यावर मागच्या घराला नावं ठेवणारे मी पुष्कळ पाहिलेत. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात पंढरपूरही आहे आणि राहुरीही, एकानं दुसऱ्याला खोडलेलं नाही.

त्या म्हातारीला मी पुढच्या खेपेला पुस्तकच नेऊन दाखवलं. वाचता येत नसलं तरी तिनं ते उलटंसुलटं करून पाहिलं, मुखपृष्ठावरच्या फोटोतल्या बाईच्या नऊवारीवरून बोट फिरवलं, आणि मग आत जाऊन माझ्यासाठी मडक्यातलं पाणी आणलं.